रंगमंचावर एकटी, प्रवासाला वऱ्हाड!

तुमच्या ग्रुपमधल्या कुणाचं तरी एकपात्री एखाद्या महोत्सवासाठी निवडलं जातं. ग्रुपवर टाळ्यांचा आणि हार्ट्सचा पाऊस पडतो. दुसऱ्या दिवशी महोत्सवाचा मेल नीट वाचला की कळतं, राहणं-जेवण त्यांचं, प्रवासखर्च तुमचा. खरा प्रयोग तिथून सुरू होतो, कारण आता पैसे मागायचे असतात आणि नेमकी त्याचीच आपल्याला लाज वाटते.

मागच्या वर्षी मी यातून गेले. पन्नास मिनिटांचं माझं एकपात्री, महोत्सव दुसऱ्या राज्यात. घरच्यांना वाटलं, एकटीच तर जाणार, एक तिकीट काढलं की झालं! लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्यानं अख्खं वऱ्हाड उभं करायचे. आमचं उलटं होतं. रंगमंचावर मी एकटी आणि प्रवासाला वऱ्हाड : लाइट्सवाला, म्युझिकवाली, बॅकस्टेजवाला आणि मी.

हिशेब मांडला. चौघांचं रेल्वेचं येणं-जाणं १६,०००. तालमीचा हॉल ६,०००. सामान, टेम्पो, हमाली ४,०००. कपडे आणि प्रॉपर्टीची डागडुजी ३,०००. तिघांचं मानधन प्रत्येकी ३,००० म्हणजे ९,०००. अडीअडचणीला ४,०००. एकूण ४२,०००. मी क्यूआर कोड टाकून ‘माझ्या स्वप्नाला साथ द्या’ असं पोस्टर स्टेटसला लावलं. दोनशेच्या वर हार्ट्स आले. पैसे दिले नऊ जणांनी, २,७००.

पुन्हा मागायची हिंमत होईना. मग मी काय केलं? जे आपण सगळेच करतो तेच. मानधनाच्या ९,००० वर काट मारली. ‘आपलंच तर नाटक आहे रे,’ असं मित्रांना सांगितलं. म्युझिकवाली काही बोलली नाही. लाइट्सवाला मात्र शांतपणे म्हणाला, ‘मी नाही येत.’ तो एका मंडप डेकोरेटरकडे रोजावर काम करून स्वतःची फी भरतो. चार दिवस माझ्यासोबत येणं म्हणजे चार दिवसांचा रोज बुडणं. माझी लाज झाकायला मी त्याच्या खिशात हात घातला होता, आणि हे मला त्यानं ‘नाही’ म्हणेपर्यंत कळलंच नव्हतं.

म्हणून तुम्हाला सांगते, पैसे न मागणं हा साधेपणा नाही. खर्च कुठे जात नाही. तुम्ही मागितला नाही, तर तो तुमच्या टीममधला सगळ्यात गप्प बसणारा माणूस भरतो.

आणि लाज कसली? कीर्तन संपलं की आरतीचं ताट फिरतंच ना? त्यात दहा रुपये टाकताना आपण बुवांवर उपकार करत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं ते राजाश्रयावर. तो आधार गेल्यावर ही मंडळी घरी बसली नाहीत. गावोगाव फिरली, १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ (१९७६) तर गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये काढून उभा केला. तो लिहिला होता आपल्या विजय तेंडुलकरांनी. पुढे तेच शेतकरी ट्रक भरभरून ‘आपला’ सिनेमा बघायला गेले. आणि तुमची लाडकी ‘फ्लीबॅग’ सीरिज? तीही आधी एकपात्री नाटक होती. २०१३ मध्ये एडिनबरोच्या फ्रिंज महोत्सवात ती पोचली, त्याआधी तिच्यासाठी ऑनलाइन वर्गणी गोळा केली होती.

मग माझ्या पोस्टरचं काय चुकलं? मी स्वप्न विकत होते. नाटक दाखवतच नव्हते. लोकांनी माझ्या स्वप्नाला पैसे का द्यावेत? त्यांची स्वतःची स्वप्नं आहेत, ईएमआय आहेत.

आम्ही पद्धत बदलली. आधी लाइट्सवाल्याची माफी मागितली आणि मानधनाची ओळ हिशेबात परत लिहिली. मग दिवाणखान्यात, सोसायटीच्या हॉलमध्ये, एका गच्चीवर असे सात प्रयोग केले. प्रवेश मोफत, शेवटी ताट. ताटाशेजारी खर्चाचा तो कागद, जसाच्या तसा. सात प्रयोगांत ३२,६०० जमले. कॉलेजच्या कलामंडळानं ५,००० दिले. कमी पडलेले १,७०० मी घातले. शिवाय ज्या जागी मी हमखास हशा धरून चालले होते, तिथे सातपैकी पाच ठिकाणी कुणी हसलंच नाही. ती जागा मी कापली. ही मदत क्यूआर कोडनं झाली नसती.

काही जण म्हणतील, हे सगळं सरकारनं, कॉलेजनं करायला हवं. बरोबर आहे, हवंच. अर्ज जरूर करा, पाठपुरावाही करा. पण महोत्सवाची तारीख फायलीसाठी थांबत नाही.

तुम्ही मागणार असाल तर चार गोष्टी पाळा. आधी दाखवा, मग मागा. ज्यांना ‘नाही’ म्हणणं जड जाईल, म्हणजे ज्युनिअर्स किंवा हात आखडलेले नातेवाईक, त्यांच्यासमोर ताट धरू नका. पैशांवर दोघांची नजर असू द्या आणि जाणं रद्द झालं तर पैशांचं काय करणार, ते आधीच सांगा. परत आल्यावर हिशेब प्रत्येकाला पाठवा, अगदी दहा रुपये देणाऱ्यालासुद्धा.

आणि तुम्ही बघणाऱ्यांपैकी असाल, तर मित्राच्या प्रयोगाला ‘पास दे ना यार’ म्हणणं बंद करा. दोनशेची कॉफी आपण घासाघीस न करता पितो. मित्राचं शंभराचं तिकीट तेवढं आपल्याला महाग वाटतं, आणि वर त्याला आपण मैत्री म्हणतो!

गच्चीवरच्या प्रयोगाला एका आजींनी ताटात पन्नासची नोट ठेवली होती. परतल्यावर हिशेबाचा कागद द्यायला गेले. त्यांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला. प्रयोग कसा झाला, टाळ्या किती पडल्या, हे नंतर विचारलं. आधी मानधनाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘त्या दिव्यांच्या मुलाला मिळाले ना गं पैसे?’

मिळाले होते. नसते मिळाले, तर त्या आजींसमोर उभी राहून मी काय सांगितलं असतं, याचा विचार मी अजून करते. तुमचं पुढचं बजेट लिहाल, तेव्हा काट मारण्याआधी तुम्हीही करा.