गप्प बसणारा मित्र



अलकापुरीत मी ज्या मेडिकलमधून बीपीच्या गोळ्या घेतो, तिथला दुकानदार परवा सांगत होता, ‘कॉलेजची मुलं दुकान रिकामं होईपर्यंत बाहेर थांबतात. आत ओळखीचे काका दिसले की क्रोसिन घेऊन परत जातात!’

त्यांना हवा असतो कंडोम. माहिती नाही म्हणावं, तर सरकारी ‘निरोध’ १९६८ पासून बाजारात आहे. तेव्हा १५ पैशांना तीन, तेही किराणा दुकानात मिळायचे. मग ऐन वेळी अडतं कुठे?

मुलांशी बोलताना तीन कारणं पुन्हा पुन्हा ऐकली. पहिलं, लाज. दुसरं, मित्र. ‘मजा जाते’ असं एकाने म्हटलं की बाकीचे माना डोलावतात आणि वापरणारा गप्प बसतो. तिसरं, ‘मी तिला चांगला ओळखतो.’ कंडोम काढला तर संशय घेतल्यासारखं होईल, त्यापेक्षा ती गोळी घेईल! पण गोळी गर्भधारणा टाळते, आजार नाही. आणि लैंगिक संसर्ग झालेला माणूस पुष्कळदा ठणठणीत दिसतो, त्याला स्वतःलाही पत्ता नसतो.

मराठीत हा विषय नवा नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. वाचकांच्या प्रश्नांना त्यात उघड उत्तरं दिली म्हणून खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. आज नव्वद वर्षांनीही आपला मुलगा तेच प्रश्न रात्री मोबाइलला विचारतो, घरात नाही.

म्हणून थोडं कामाचं. कंडोमची तारीख बघा. खिशातल्या पाकिटात महिनोन्‌महिने ठेवू नका. तेल किंवा व्हॅसलिन लावू नका, रबर फाटतं. तरी काही घोटाळा झालाच तर लगेच, फार तर ७२ तासांत, डॉक्टर गाठा. तातडीची गोळी काय किंवा एचआयव्ही रोखणारी औषधं काय, जितकी लवकर तितकी बरी. सयाजी हॉस्पिटलमध्ये एचआयव्ही तपासणी मोफत होते, आणि २०१७ च्या कायद्याप्रमाणे निकाल गुप्त ठेवावा लागतो. फोनवर विचारायचं तर १०९७ हा मोफत नंबर आहे.

आणि ग्रुपमध्ये जो वापरतो पण गप्प बसतो, त्याने एकदा सरळ म्हणावं, ‘मी तर वापरतो.’ माझ्या या लेखापेक्षा ते एक वाक्य जास्त काम करेल.