दम कुणाचा, मोजपट्टी कुणाची?

बावीस वर्षं मी महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवलं. कितीतरी मुलींच्या नावापुढे 'दम कमी' असा शेरा लिहिला. त्यातला एक अजून खुपतो. डोंगरातल्या पाड्यावरून आलेली ती मुलगी क्रॉसकंट्रीच्या निवडीसाठी आली होती. जिमखान्यातल्या बाकड्यावर चढ-उतार करताना तिसऱ्या मिनिटालाच तिला धाप लागली. आम्ही तिला वगळलं. दोन महिन्यांनी रक्तदान शिबिरात तिचं हिमोग्लोबिन ८ ग्रॅम निघालं.

आमचं बाकडं २० इंचांचं होतं. ही चाचणी १९४३ साली हार्वर्ड विद्यापीठात तिथल्या तरुण मुलग्यांसाठी बेतलेली : मिनिटाला ३० वेळा, ५ मिनिटं. न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात १९७२ साली विद्यार्थिनींसाठी वेगळी चाचणी तयार झाली. तिच्यात पायरी सव्वासोळा इंचांची, गती मिनिटाला २२ आणि वेळ ३ मिनिटं. बाकडं कापून घेणं सुताराचं अर्ध्या तासाचं काम. पण ते कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

ज्याला आपण दम म्हणतो, ते म्हणजे शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं याचं माप. ते खरं मोजायचं तर तोंडावर मुखवटा लावून, सरकत्या पट्ट्यावर वेग आणि चढ वाढवत धावायला लावतात आणि उच्छ्वासातली हवा तपासतात. श्रम वाढले तरी प्राणवायूचा वापर वाढेनासा झाला, की ती कमाल मर्यादा. बाकड्याची किंवा बारा मिनिटं धावण्याची चाचणी हा फक्त अंदाज असतो. अंदाज वाईट नाही. तो निकाल म्हणून वापरणं वाईट.

त्या दिवशी चाचणी खोटं बोलली नव्हती. हिमोग्लोबिनचा एक ग्रॅम सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेतो. १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅम असेल तर १६ मिलिलिटर, ८ ग्रॅम असेल तर ११ सुद्धा नाही. मग हृदयाला जास्त धडधडावं लागतं, नाडी चढते. चाचणी सांगत होती, 'हिच्या रक्तात लोह नाही.' आम्ही वाचलं, 'हिच्यात कुवत नाही.' राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या १०० मुलींपैकी ५९ जणींना रक्तक्षय आहे. मुलग्यांत हेच प्रमाण ३१. म्हणजे ही एकीची गोष्ट नाही. ताटात शेवटी उरलेलं खाणाऱ्या पोरीची उपासमार आपण तिच्या क्षमतेच्या रकान्यात लिहितो.

दुसरी गोष्ट कमाल या शब्दाची. कमाल गाठायची तर पुढे एक पाऊलही टाकता येऊ नये इतकं धावावं लागतं. घाम येतो, तोंड वेडंवाकडं होतं, कपडे चिकटतात. आणि आमच्या चाचण्या होत त्या उघड्या मैदानावर, कठड्यावर बसलेल्या मुलांसमोर, धावण्यासाठी योग्य अंतर्वस्त्र अंगात नसताना, पाळीच्या दिवसांत कपडा सरकेल या धास्तीत. जन्मापासून 'दमानं घे, लोक बघतायत' ऐकलेली मुलगी दम संपायच्या आधीच थांबते. आपण मोजतो ती तिची लाज, आणि नाव देतो दमाचं.

काहीजणी म्हणतील, बायका दगडमातीची कामं करतात, पाणी वाहतात, त्यांना यंत्रावरचा आकडा कशाला? मला हे पटत नाही. याच आकड्यांवर संघ निवडला जातो. संघातून प्रमाणपत्र मिळतं, त्यातून खेळाडू कोट्यातली नोकरी. चुकीच्या आकड्यामुळे एखादी मुलगी गावी परत जाते आणि तिचं लग्न लागतं. माझ्या हातून वगळल्या गेलेल्या मुलीचं तेच झालं.

मैत्रिणींनो, आपापल्या गावातल्या महाविद्यालयात जाऊन एवढंच विचारा : चाचणीआधी मुलींचं हिमोग्लोबिन तपासता का? कमी असेल तिला औषध देऊन पुन्हा संधी देता का? पायरी किती उंच आहे? तुलनेचे तक्ते मुलींचे आहेत की मुलग्यांचे? चाचणी घेताना बाई हजर असते का? बंद दाराचा हॉल मिळतो का? आणि सोबत शिवणकामाची टेप घेऊन जा. बाकडं स्वतः मोजा.