मांडवाबाहेरचे आप्त

वैशाख लागला आणि आखाजी आली की जळगाव-धुळ्याकडच्या गावागावांतून मांडव उभे राहू लागतात. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीच्या पंगती उठतात, अहिराणी गाण्यांनी हळदीची रात्र जागते आणि वर्षभर न भेटलेले सोयरे एकत्र येतात. परंतु याच मांडवाच्या कडेला काही आप्त संकोचून उभे असतात. नाते रक्ताचे असते. श्रद्धा मात्र यजमानांपेक्षा वेगळी असते. त्यांनी आत यावे की नाही, आणि आले तर काय करावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी त्यापायी अनेक घरांतील येणे-जाणे तुटले आहे.

खानदेशात हा प्रश्न नवा नाही. महानुभाव पंथाची परंपरा येथे जुनी आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरांनी परमेश्वर आणि देवता यांत स्पष्ट भेद सांगितला. उपदेश घेतलेला गृहस्थ इतर देवतांची पूजा करीत नाही, त्यांचा नैवेद्यही घेत नाही. ज्या घरात लग्नाआधी देवक बसवतात आणि कुलदैवताचे पूजन करतात, त्याच घरात असा एखादा काका किंवा आत्या असते. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. देवदेवतांची पूजा न करणे व ब्राह्मणाकडून कोणताही विधी करवून न घेणे हे त्या प्रतिज्ञांतच आहे. साक्री-नवापूरकडील ख्रिस्ती झालेल्या आदिवासी कुटुंबांतही एक भाऊ चर्चमध्ये आणि दुसरा परंपरागत देवांपुढे, असे दृश्य अपूर्व नाही.

अशा वेळी दोन्ही बाजूंकडून हट्ट धरला जातो. यजमान म्हणतात, ‘‘एक दिवस अक्षता आणि हळद-कुंकू वाहिले तर काय बिघडते?’’ ज्याला काही बिघडते असे वाटत नाही, त्याने हा प्रश्न विचारणे सोपे असते. ज्याची श्रद्धा त्या कृतीने मोडते, त्याच्या दृष्टीने तो आग्रह नसून बळजोरी असते. उलट बाजूने, निष्ठा शुद्ध राखायची म्हणून सख्ख्या भाचीच्या लग्नालाही पाऊल न टाकणारे कमी नाहीत. येथे पंथाचे नाव पुढे केले जाते आणि मागे मात्र मानपानाचा किंवा शेतीच्या वाटणीचा जुना राग दडलेला असतो, हेही नाकारता येत नाही.

या ओढाताणीची झळ सर्वांत अधिक बसते ती स्त्रीला. माहेरची श्रद्धा एक आणि सासरची दुसरी. भावाच्या घरचे कार्य टाळले तर माहेर तुटते आणि गेली तर सासरी जाब द्यावा लागतो. तिच्या मुलीच्या लग्नात पाठीशी उभा राहायचा मामा जर आला नाही, तर ती उणीव कोणताही विधी भरून काढीत नाही.

वस्तुतः विवाहसमारंभाची दोन अंगे आहेत. एक उपासनेचे, दुसरे नात्याचे. उपासना ज्याची त्याने करावी. नात्याची कामे मात्र सर्वांची आहेत. भाचीच्या मागे उभे राहणे, आहेर करणे, वऱ्हाडाचे स्वागत करणे, पंगतीत वाढणे यांत कोणत्याही देवतेची पूजा नाही. उपस्थिती म्हणजे उपासना नव्हे, हे दोन्ही पक्षांनी एकदा मान्य केले की निम्मा वाद मिटतो. उरलेला निम्मा यजमानाच्या समजूतदारपणाने मिटेल. नैवेद्य दाखवण्यापूर्वी पाहुण्यांपुरते अन्न बाजूला काढून ठेवणे किंवा पूजेच्या वेळी त्यांना नावाने न पुकारणे, यासाठी एक पैसाही लागत नाही.

कायद्याची यात अडचण नाही. हिंदू विवाह अधिनियम १९५५ हा बौद्धांनाही लागू आहे आणि त्याच्या कलम ७ नुसार वर किंवा वधू यांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधीने विवाह होऊ शकतो. दोन्ही घरांचे सर्व विधी झालेच पाहिजेत, असे कायदा म्हणत नाही. ज्यांना कोणताच धर्मविधी नको, त्यांच्यासाठी विशेष विवाह अधिनियम १९५४ आहे; तेथे ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. त्याही आधी, २५ डिसेंबर १८७३ रोजी, महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने पुण्यात पुरोहितावाचून विवाह लावून दाखवला होता.

बाहेरच्या जगातही हाच पेच पडलेला आहे. अमेरिकेतील मॉर्मन पंथाचे विवाह त्यांच्या मंदिरात होतात आणि तेथे पात्र ठरलेल्या सभासदांखेरीज कोणालाही प्रवेश नसतो. पंथात नसलेल्या आईबापांना पोटच्या लेकराचे लग्न पाहता येत नसे. आधी सर्वांसमक्ष नागरी विवाह केला, तर मंदिरातील विधीसाठी तेथे वर्षभर थांबावे लागे. मे २०१९ मध्ये पंथाने ही अट काढून टाकली. मंदिराचे दार बाहेरच्यांना उघडले नाही, सिद्धान्तही बदलला नाही. केवळ आईबापांना लग्न पाहण्याची वाट मोकळी झाली. निष्ठा अढळ ठेवूनही माणसांची सोय पाहता येते, याचे हे उदाहरण आहे.

खानदेशातील कुटुंबांना तर एवढेही करावे लागणार नाही. येथील मांडवाला दार नसते. तो चारही बाजूंनी उघडा असतो. ज्या आप्ताला पूजेला बसायचे नाही, त्याला बसवू नये. आणि ज्याला बसवले नाही, त्याने दूर राहू नये. लेकीची पाठवणी होताना डोळे पुसणाऱ्यांचा पंथ कोणी विचारीत नाही. तोच शहाणपणा सकाळच्या हळदीपासून दाखवला, तर कोणाही आप्ताला मांडवाबाहेर उभे राहावे लागणार नाही.