‘फँटसी गेम’वर बंदी आली, मग ड्रॅगन मारायचा की नाही?

‘फँटसी गेम्स बंद झाले ना? मग पोरगं मोबाईलवर अजून काय खेळतंय?’ ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा आल्यापासून अनेक घरांत हा गोंधळ आहे. त्याचं मूळ ‘फँटसी’ या एका शब्दात आहे.

दोन फँटसी, दोन वेगळे खेळ

ड्रीम इलेव्हनसारखी ॲप्स म्हणजे फँटसी स्पोर्ट्स. खऱ्या क्रिकेटपटूंची टीम लावायची, पैसे भरायचे आणि जिंकलो तर पैसे मिळवायचे.

दुसरी फँटसी म्हणजे तळघरात उतरून राक्षस मारायचा, खजिना शोधायचा. १९८०च्या सुमारास अमेरिकेत मायकल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी ‘रोग’ हा असा गेम बनवला. त्यात चित्रंच नव्हती. खेळाडू म्हणजे ई-मेलमधलं ‘ॲट’चं चिन्ह आणि राक्षस म्हणजे इंग्रजी अक्षरं! प्रत्येक डावात नकाशा नवा, आणि मेलात तर पहिल्यापासून सुरुवात.

हरिहरेश्वरला प्रदक्षिणा केली असेल, तर या खेळातली गंमत लगेच कळेल. कड्यांमधल्या पायऱ्या उतरून समुद्रालगतच्या खडकांवरून जायचं, पण आधी भरती-ओहोटीची वेळ बघायची. किती पुढे जायचं आणि कधी मागे फिरायचं, हा अंदाज महत्त्वाचा. फरक एवढाच की गेममध्ये चूक परवडते, समुद्रावर नाही.

कायदा काय म्हणतो?

ऑनलाइन गेमिंग कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्यात बंदी आहे ती पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर. खेळ नशिबाचा की कौशल्याचा, याने फरक पडत नाही. असे खेळ चालवणाऱ्यांना ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही.

ई-स्पोर्ट्स आणि सोशल गेम्सना मात्र कायद्यात जागा आहे. गेम विकत घेणं किंवा सबस्क्रिप्शन भरणं म्हणजे पैज लावणं नव्हे. त्यामुळे राक्षस मारणारा साधा जुना गेम बिनधास्त खेळा.

हे समजणं का गरजेचं?

सरसकट ‘गेमिंग वाईट’ म्हटलं, की त्यात मेहनतीने गेम बनवणारेही भरडले जातात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ हा आपल्या पुराणकथांवर बेतलेला गेम जगभर पोहोचला. त्यात कुठलीही पैज नाही.

पण सावध राहायचंच असेल, तर इथे राहा: काही मोफत गेम्स बंद पेटी विकतात. आत काय आहे, ते पैसे भरल्यावरच कळतं. नाव ‘फँटसी’ नसलं तरी सवय जुगाराचीच लागते.

म्हणून मुलाच्या हातातून फोन काढून घेण्याआधी एकच विचारा: हरलास तर काय जातं? गेममधला जीव जात असेल, तर खेळू द्या. खात्यातले पैसे जात असतील, तर थांबवा.