वर्षभराची पाहुणी

चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने आले, तेव्हापासून पिंपरी-चिंचवडच्या पोरांना जर्मनी फार लांबची वाटत नाही. शिकायला जायचंय पण पैसे नाहीत, अशांना हल्ली 'ओ-पेअर'ची वाट खुणावते. जर्मन घरात मुलं सांभाळायची, आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास. बदल्यात राहणं, जेवण आणि महिन्याला २८० युरो हातखर्च. भाषा घरातच पक्की होते, हा खरा फायदा. पण ओ-पेअरचा परवाना फार तर वर्षभराचा आणि आयुष्यात एकदाच. तिथे राहून तो विद्यार्थ्याच्या परवान्यात बदलता येतो, मात्र आपोआप नव्हे. विद्यापीठाचा प्रवेश लागतो आणि वर्षाच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते. ही रक्कम २०२४ च्या सप्टेंबरपासून ११,९०४ युरो आहे. आता हिशेब करा: सगळा हातखर्च साठवला तरी वर्षाला ३,३६० युरो. उरलेले कोण देणार, हे विमानात बसण्याआधी घरच्यांसोबत बसून ठरवा. आणि प्रवेशाचे अर्ज तिथल्या मुक्कामाच्या पहिल्या तिमाहीतच भरायला घ्या. मुदत संपत आली की धावाधाव करून काही हाती लागत नाही.