दोनशे पंचावन्नात एक मिळवा

यवतमाळात बारावी विज्ञानाला संगणकशास्त्र घेतलेल्या मुलाला ८०८५ ची चाळीस पिनांची आकृती विचारा, तो डोळे मिटून काढून देईल. पण त्या चिपमध्ये बेरीज कशी होते, असं विचारलं की गाडी अडते. दोष मुलाचा नाही. इंटेलचा १९७६ सालचा हा मायक्रोप्रोसेसर २०० गुणांच्या या विषयात वर्षानुवर्षे दुसऱ्या पेपरात आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो आकृत्या-व्याख्यांनीच शिकवला जातो. सरावाचं किट असलंच तर कपाटात.

‘जुनाट आहे, काढा, पायथॉन आणा’ ही मागणी आता जोरात आहे. पायथॉन जरूर आणा. पण ८०८५ काढू नका, तो फळ्यावरून उतरवून मुलांच्या हातात द्या.

किटवर २००० या पत्त्यापासून एकेक बाइट षोडशमान (हेक्स) पद्धतीत भरायचा: ३ई, एफएफ, ०६, ०१, ८०, ३२, ५०, २०, ७६. बस्स, एवढंच. पहिले दोन सांगतात, ए रजिस्टरमध्ये एफएफ, म्हणजे आपले २५५ ठेव. पुढचे दोन, बी मध्ये १ ठेव. ८० म्हणजे दोघांची बेरीज कर. ३२ नंतर उत्तर ठेवायचा पत्ता, २०५०, पण उलटा: आधी ५०, मग २०. इथे मुलं चुकतात, आणि चुकू द्यावीत. ७६ म्हणजे थांब. आता २०५० उघडून बघा. तिथे २५६ नाही, शून्य आहे! जुन्या स्कूटरचं मीटर ९९९९९ नंतर शून्यावर यायचं, तसंच हे. आठ बिटांत न मावलेला एक कॅरी फ्लॅगमध्ये जाऊन बसलेला असतो.

मग शेवटचा ७६ गाळून बघा. प्रोसेसर थांबत नाही. पुढे मेमरीत जे पडलं असेल ते आज्ञा समजून पाळत सुटतो. आकडा आणि आज्ञा यांत त्याला फरक दिसतच नाही. प्रोग्रॅम काउंटर जिथे बोट ठेवेल ती आज्ञा. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या मुलीला पुढे पॉइंटर शिकवताना मास्तरांचा घसा कोरडा पडणार नाही.

पायथॉन यातलं बरंच पोटात घालतो, पूर्णांक लागेल तेवढा वाढवून देतो. तरी त्यातच ०.१ आणि ०.२ मिळवा, ०.३ च्या मागे शून्यांची रांग आणि टोकाला ४ येतो. कारण ०.१ द्विमान पद्धतीत पुरता मांडताच येत नाही.

‘नोकरी ८०८५ वर मिळत नाही’ हे खरंच आहे. पण १९ जानेवारी २०३८ ला आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद होतील, तेव्हा ३२ बिटांत सेकंद मोजणाऱ्या यंत्रांचा आकडा २,१४,७४,८३,६४७ वर संपेल आणि पुढच्या सेकंदाला ती १९०१ सालात जातील. मोठ्या संगणकांची सोय बरीचशी झाली आहे; कानाकोपऱ्यातली जुनी उपकरणं हुडकणं आज बारावीत असलेल्यांच्या वाट्याला येणार आहे.

किट नसेल तर सिम्युलेटर फुकट मिळतात. घाटंजीसारख्या गावात वीज गेली तरी कागदावर घरं आखून, एकाला प्रोग्रॅम काउंटर आणि दुसरीला ए रजिस्टर करून हा तास घेता येतो. आणि प्रॅक्टिकलला परीक्षकांनी पिनांची नावं विचारू नयेत. ८० च्या जागी ९० भरावं, म्हणजे बेरजेची वजाबाकी होते, आणि किट चालवण्याआधी विचारावं: आता २०५० मध्ये काय सापडेल?