रोजचा पेला आणि शेतकऱ्याचे नाव

रोज परवडेल अशी चांगली वाईन कोणती, हा प्रश्न आता मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत निःसंकोच विचारला जातो. द्राक्षाचाच तो रस, असे समर्थनही तयार असते. मात्र त्या रसात साधारण बारा ते चौदा टक्के मद्यार्क असतो. साध्या बिअरच्या दुपटीहून अधिक!

दुसरे समर्थन शेतकऱ्याच्या हिताचे. महाराष्ट्राने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आखून वाईनला उत्पादन शुल्कात सूट दिली. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटांतून वाईन विकण्यास मान्यता दिली, तीही शेतकऱ्याच्याच नावाने. मद्यबंदीचा निर्देश देणारे घटनेचे ४७ वे कलम तेव्हा कोणास आठवले नसावे. नाशिक-सांगलीचा बहुसंख्य बागायतदार पिकवतो ती थॉम्पसनसारखी खाण्याची द्राक्षे. वाईनला लागतात शिराझ, शेनिन ब्लाँ अशा निराळ्या जाती. अवकाळी पावसाने मणी तडकले, तर कोणती बाटली त्याला तारणार? त्याला हवी शीतगृहे आणि बेदाण्याला भाव.

आणि ज्यांचे अनुकरण चालले आहे, ते फ्रेंच? जेवणासोबत वाईन हा त्यांच्या मातीतला जुना रिवाज. त्याविषयी तक्रार नाही. परंतु १९९१ साली त्यांनीच मद्याच्या जाहिरातींवर कायद्याने निर्बंध घातले. तेथील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने तर २०१७ साली बजावले, आठवड्यात दहा पेल्यांहून अधिक नको आणि रोज नकोच. फ्रान्सने टाकू घातलेली ही सवय येथे वाणसामानाच्या यादीत, साखर-चहाच्या खाली, कोणाच्या हिताकरिता लिहायची?